बोहणी न झालेलं कार्ड

आजारी पडायची एवढी जय्यत तयारी ठेवून आयुष्यात एकदाही आजारी न पडलेली बाई अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला विहीण म्हणून आली. आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. माझ्या मुलाची ही सासू. वयानं माझ्याहून मोठी, आणि मोठी म्हणजे चांगली मोठी, पण केस माझ्याहून काळे, दात सगळे घरचे, आणि चाल अशी की कारध्याच्या पुलावरून निघाली तर मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकतो. मी इकडे बपेऱ्याला गुडघ्याला तेल चोळत बसलेली असते आणि फोनवर ऐकते, "आज सकाळून चार जागी जाऊन आली, ईनबाई." चार जागी! मला परसात जायचं तर भिंतीला विचारावं लागते. एकाच बाईच्या बाजूनं निसर्गानं एवढा पक्षपात करावा का, हे मी तिची लेक सून म्हणून घरात आली त्या दिवसापासून विचारत आहे.

तर तयारी कशी, ते सांगते. माणसं भेटली की जयभीम घालतात, मग पाणी विचारतात, मग ख्यालीखुशाली. ईनबाई जयभीम घालते आणि थेट विचारते, "कार्ड काढलं का?" कोणतं कार्ड हे सांगत नाही. तिच्या जगात कार्ड एकच, दवाखान्याचं, सरकारी. पुतण्याच्या लग्नात नवी जोडी पाया पडायला वाकली तर हिनं आशीर्वाद दिला, "सुखानं राहा, आणि सुनेचं नाव लवकर चढवून घ्या." नवरीला वाटलं उखाणा घ्यायला सांगते आहे, ती बिचारी लाजून नाव घेऊन मोकळी झाली. घरातल्या प्रत्येकाचं कार्ड तिनं प्लास्टिक चढवून आणलेलं आहे, आणि प्लास्टिकवाल्यानं दर कमी केले त्या दिवशी नातवाची मार्कशीट, जावयाच्या कोंबड्यांच्या लसीचा कागद आणि वैदूनं दिलेली काढ्याची चिठ्ठी, सगळं त्याच हप्त्यात चढवलं. हे सारं एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत असते. ती पिशवी खांद्यावर नसेल तर ओळखीची माणसं तिला हाक मारत नाहीत, वाटते दुसरीच कोणी आहे.

दवाखान्यात कोणाला पाहायला गेली की ती रोग्याला विचारत नाही की कसं वाटते. ती रोग विचारते आणि मान हलवते. "बसते," म्हणते. म्हणजे योजनेत बसते. किंवा म्हणते, "नाही बसत." एकदा आमच्याच नात्यातला एक माणूस पाय मोडून पलंगावर पडला होता, पाय वर टांगलेला, बायको डोळ्याला पदर लावून. ईनबाई आत शिरली, पायाकडे पाहिलं आणि एवढी खूश झाली की बायकोनं रडणं थांबवलं. "बसते जी! अख्खा पाय बसते!" शेजारच्या पलंगावर साध्या तापाचा म्हातारा होता, त्यानं आशेनं विचारलं, "आणि माह्यं, बाई?" तर म्हणाली, "ताप नाही बसत, बाबा. ताप घरीच काढा. इथं काहून जागा अडवून राहिले?"

आणि स्वतःचं कार्ड? तिची खंत तीच. "ईनबाई, माह्या कार्डाची अजून बोहणी नाही झाली," असं ती मला अशा सुरात सांगते जसं सकाळपासून गिऱ्हाईक न आलेल्या दुकानदारणीनं सांगावं. मी म्हटलं, "माह्या गुडघ्याले घेऊन जा, बोहणी करून टाका." तर म्हणाली, "असं नाही चालत, ज्याचं त्याले." नावाला सांगायला तिच्याकडे एक दुखणंही नाही, ही माझ्या हेव्याची पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे आमची नात, प्रज्ञा. माझ्या मुलाची मुलगी, तिच्या लेकीची मुलगी, म्हणजे आम्हा दोघींची सारखीच. पण सारखं ते बोलायला. प्रज्ञा नागपूरला विद्यापीठात शिकते, एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. करते, होस्टेलवर राहते. सुट्टीत यायला निघाली की भंडारा पहिले लागते, पूल ओलांडला की कारधा, आणि बपेरा म्हणजे तुमसरच्याही पुढं, अजून थोडं गेलं तर मध्य प्रदेशच. पोरगी कारध्याला उतरते, आजीच्या हातचे नदीतले झिंगे खाते, आणि माझ्यापर्यंत पोचते तेव्हा तिचं पोट भरलेलं असते. जिल्हा तुटला तेव्हा माझं माहेर गोंदियात गेलं आणि सासर भंडाऱ्यात राहिलं, ते मी सोसलं. पण नात अर्ध्या रस्त्यात वाटली जाते, ते सोसत नाही.

त्यात त्या होस्टेलच्या पोरी. एवढ्या शिकलेल्या, पण त्यांना विम्याचं काही समजेना, आणि प्रज्ञानं एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला तेव्हापासून ईनबाई त्यांची गुरुमाय झाली. मी त्या वेळी कारध्यालाच होते, डोळ्यांनी पाहिलं. फोनच्या चौकटीत पाच-सहा पोरी दाटून बसलेल्या आणि ही पाटावर बसून सांगते आहे, "हे पाहा माय, तुमच्यापाशी तीन छत्र्या आहेत. एक बापाच्या नोकरीची. ते पोरगं पंचवीस वर्षांचं झालं की मिटते. शिकून राहिली का कमावून राहिली, छत्री विचारत नाही. दुसरी कॉलेजची. ते अपघातापुरती, म्हणजे पाणी आलं तर नाही, गारा पडल्या तरच उघडते. तिसरी सरकारची. पहिले हे यादीतल्याच घराइले भेटे. कोणती यादी, कोणं केली, कोणाले माहीत! आता दिल्लीची योजना अन् राज्याची योजना एक झाली, दार मोठं झालं. राशन कार्डावर नाव पाहिजे, बस."

"आजी, आणि होस्टेलवर राहणाऱ्याचं राशन कार्ड कुठलं?" एकीनं विचारलं.

"घरचं. तू खाते मेसमध्ये, पण नाव घरच्याच चुलीवर शिजते."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी पुढं सरकून म्हटलं, "प्रज्ञा, मीबी सांगू का काही?" तर पोरगी म्हणते, "आजी, तू ना नंतर कढीची रेसिपी सांग." रेसिपी! मी त्या दिवशी जेवले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ईनबाई दुसऱ्या खोलीत फोन घेऊन कोणाचं तरी थायरॉईड बसते का पाहत होती.

मग त्याच वर्षी ऐन श्रावणात प्रज्ञाच्या पोटात दुखायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, ऑपरेशन लांबवू नका, या महिन्याच्या आत करा. माझा मुलगा चिखल्याच्या खाणीकडे एका खासगी ट्रान्सपोर्टवाल्याकडे सुपरवायझर आहे. त्याच्या पॉलिसीतून पोरीचं नाव वयामुळं गळलेलं. कॉलेजची पॉलिसी अपघाताची. होस्टेलच्या एका पोरीनं तर सुचवलं, "जिन्यावरून जराशी पडून पाहा ना." राहिली तिसरी छत्री, तर मुलानं स्वतःचं राशन कार्ड मागंच परत करून टाकलेलं, पगार आहे, गरज नाही म्हणून. आता पोरीचं नाव चढवायचं तर दोनच जागा, एक तर कारध्याच्या आजीचं कार्ड, नाही तर बपेऱ्याच्या आजीचं.

ईनबाईचा फोन लगेच आला. "माह्या कार्डावर टाकून देऊ. माह्यं सगळं तयार आहे."

"काहून? पोरगी आमच्या घरची. आडनाव आमचं."

"आडनावाचे खडे नाहीत निघाले जी, पोरीचे निघाले."

"मग पोरगी माह्यी नाही का?"

"तुमचीच आहे. पण तुम्ही कधी त्या सेवा केंद्राचं तोंड पाहिलं का?"

नव्हतं पाहिलं, ते तिला माहीत होतं म्हणूनच विचारलं. मी फोन ठेवला आणि मुलाला म्हटलं, उद्या पहिल्या गाडीनं मला भंडाऱ्याला ने. गुडघा गेला तर गेला, नात जायला नको.

आम्ही सेवा केंद्रावर पोचलो तर ती आधीच बाहेर उभी, सोबत प्रज्ञा, पोटावर हात दाबून. सगळीकडे धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता आणि ईनबाई सरळ शेतातल्या बांधीतून उठून आली होती. पायाच्या टाचेला चिखल वाळलेला, पिशवी मात्र खांद्यावर. आत शिरलो तर केंद्रातल्या ताईनं उठून तिला खुर्ची दिली. "आल्या का आजी? चहा सांगू का?" मला बाकड्याचं टोक मिळालं. मी त्या खुर्चीकडं असं पाहत होते की ती जळून जायला पाहिजे होती.

"नाव चढवायचं," ईनबाई म्हणाली, "नातीचं. माह्या कार्डावर."

मी म्हटलं, "माह्या कार्डावर."

ताईनं दोघींकडे पाहिलं. "कोणाच्याबी चढवता येते. पण कार्डाच्या मालकिणीचा अंगठा पहिले पाहिजे."

ईनबाईनं विजयानं अंगठा मशीनवर ठेवला. लाल दिवा. पदरानं पुसला, ठेवला, लाल. डावा ठेवला. मग एकामागून एक सगळी बोटं. ताईनं साबण दिला, खोबरेल दिलं, प्रज्ञानं फुंकर घातली. लालच. ताईनं तिचा हात उजेडाकडं धरला आणि म्हणाली, "आजी, बोटावर रेघाच नाहीत जी."

"अशा कशा नाहीत? मागच्या महिन्यात होत्या."

"रोवण्यात गेल्या असतील."

ही बाई कारध्यातल्या सगळ्या बायांना बजावत फिरली होती की अंगठा आधी देऊन या आणि मग चिखलात हात घाला. स्वतः मात्र पंधरवडाभर लोकांच्या बांध्यांत सगळ्यात पुढं वाकून पऱ्ह्यांची रोपं लावत होती, कारण तिच्या हाताचा वेग कोणाला नाही आणि गाणं तिनं धरल्याशिवाय बाया रांग धरत नाहीत. बोटं धुतलेल्या गोट्यासारखी गुळगुळीत झालेली. डोळ्यांची मशीन होती, ती दुरुस्तीला गेलेली. ताई म्हणाली, "महिनाभर चिखलात हात घालू नका, मग या."

महिना. प्रज्ञा भिंतीला टेकली. खुर्चीवर बसलेली ईनबाई एकदम लहान दिसायला लागली. एवढ्या जणांचं बसवलं, आणि स्वतःच्या नातीचं बसेना. पिशवी खांद्यावरून काढून तिनं मांडीवर घेतली. मला वाटलं होतं, हे पाहायला मिळालं तर मी पेढे वाटीन.

मी उठले, भिंत धरत गेले आणि अंगठा ठेवला. एका दमात हिरवा दिवा. ताई म्हणाली, "वा! काय सुंदर अंगठा आहे आजी, एकेक रेघ मोजून घ्या."

"काहून नाही येणार?" ईनबाई म्हणाली, आणि पिशवी परत खांद्यावर टाकली. "ईनबाईनं घरी बसून नवा कोरा ठेवला आहे."

सगळे हसले. प्रज्ञाही पोट धरून हसली, मग "आई गं" म्हणून थांबली. मीही हसले, जरा उशिरानं.

नाव माझ्या कार्डावर चढलं, महिन्याच्या आत ऑपरेशन झालं, खडे निघाले. दवाखान्याच्या खिडकीत कार्ड मी दिलं, माझ्या हातानं. तिथल्या बाईनं विचारलं, "पेशंट कोण तुमची?" मी म्हटलं, "नात," आणि दोनदा म्हटलं. ईनबाई मागं उभी होती, तिनं पिशवी उघडलीही नाही. प्रज्ञाला आत नेताना पोरीनं एक हात मला दिला आणि दुसरा तिला, आणि दोन्ही हात सारखेच घट्ट धरले होते, हे मला मानावं लागलं.

त्यानंतर बपेऱ्याला परत आले. आमच्या बांधीत त्या वर्षीचा शेवटचा रोवणा चालू होता, मजुरीच्या बायांचा. गाणं दूरवरून येत होतं, अर्धे शब्द वाऱ्यात. मी ओसरीत बसून माझा अंगठा पाहत होते. खरंच सुंदर होता. एकेक रेघ जागच्या जागी, कोणी उंबरठाही न ओलांडलेल्या घरासारखी. किती वर्षं झाली, या हाताला चिखल लागला नाही. मशीननं मला पसंत केलं आणि तिला नाही, सारं मनासारखं झालं, आणि त्या घडीला मला तिच्या कशाचाच हेवा वाटला नाही. ना केसांचा, ना दातांचा, ना नातीचा. हेवा वाटला तो त्या पुसून गेलेल्या बोटांचा.

मी फोन लावला. म्हटलं, "ईनबाई, पुढच्या साली रोवण्याले मले बोलावसान का? मी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसून राहीन."

ती म्हणाली, "या जी. पऱ्ह्याची जुडी तुमच्या हातात देईन. तुम्ही नुसती धरा, रोवत मी जाईन."