लिओच्या हातची काडतुसं

माझा भाऊ आर्विड सिपोला तरुणपणी तांब्याच्या खाणीत उतरला आणि खाण बंद पडली तेव्हाच वर आला. खाणीने त्याला खोकला दिला, आमच्या हिवाळ्याने बोटांना गाठी दिल्या. बाकी माणूस खणखणीत होता. माझा नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, ती त्याची काळजी घ्यायला, असं गाव म्हणतं. खरं म्हणजे माझ्या घराचं छप्पर गळत होतं आणि त्याच्याकडे सॉना होता, तापल्या दगडांच्या वाफेची न्हाणी.

लग्न त्याने केलं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "एल्मा, तू एकटी बोलतेस तेवढं पुरतं मला." त्याचं सगळं वर्ष नोव्हेंबरच्या त्या दोन आठवड्यांसाठी असायचं. हरणाची शिकार खुली झाली की तो आणि लिओ बर्तोली जंगलातल्या झोपडीत राहायला जायचे. जाताना माझ्या हातच्या पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या करंज्या, आणि चीज न्यायचे, आणि येताना मिशीला काजळी लावून, एकमेकांना शिव्या देत परत यायचे. लिओ रस्त्यांवरचा बर्फ काढणारी गाडी चालवायचा. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. दर शनिवारी आमच्या सॉनाला येणार म्हणजे येणार. मला तो सख्ख्या भावासारखा होता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

आर्विडकडे आमच्या वडिलांची कार्बाइन होती. आखूड नळीची, पिस्तुलाचंच काडतूस घेणारी. वडील लाकूडतोडीच्या तळावर होते तेव्हाची. त्या काळी कमरेच्या पिस्तुलाला आणि खांद्यावरच्या बंदुकीला एकच काडतूस चालायचं, म्हणून लोक असल्या बंदुका घ्यायचे. आता कंपन्या हुबेहूब तशीच कार्बाइन नव्या पोलादाची काढतात, आणि तिच्यासाठी जास्त दाबाची काडतुसंही मिळतात. मापाने तीच, दिसायला तीच. जुन्या बंदुकीतही ती गुपचूप आत जातात. घोटाळा तिथेच आहे. आत गेलं म्हणजे झेपलं असं नसतं.

म्हणून आमच्याकडे जो तो आपली काडतुसं घरी आपल्या हाताने भरतो, आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालत नाही. सख्ख्या भावाचंही नाही. यात कुणी रागावत नाही. पाव मागा, ट्रक मागा, हवं तर बायकोने विणलेले मोजे मागा, पण भरलेलं काडतूस कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. आर्विडने हा नेम जन्मभर पाळला.

मग बोटं वळेनाशी झाली. तळघरातल्या यंत्रावर बसायचा आणि पितळी नळकांडी हातातून निसटून कोपऱ्यात घरंगळायची. मी म्हटलं, मी भरते. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली होती. शनिवारी लिओ आला तेव्हा सॉनानंतर स्वयंपाकघरात कॉफी पिताना आर्विडने बंदुकीच्या दारूचा आपला डबा टेबलावर ठेवला.

"लिओ, यंदा माझी तू भर."

लिओ हसायला लागला. "तुझी? मग हरणं सुखरूप म्हणायची. तुझी ती मवाळ काडतुसं म्हणजे त्यांना गुदगुल्या."

"मवाळच भर. वडील भरायचे तशी. आणि दारू ह्याच डब्यातली घाल."

"बरं बाबा."

"हसू नको. मी कुणाला सांगत नाही हे."

"माहीत आहे रे," लिओ म्हणाला, आणि डबा उचलून त्याने कोटात घातला. आर्विडच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी बघितला. काडतुसं मिळाली नसती तर झोपडीत जाणं संपलं असतं, आणि ते संपलं असतं तर माझ्या भावाजवळ खोकल्याखेरीज काही उरलं नसतं.

गुदगुल्यांचं कारण जुनं होतं. आदल्या वर्षी आर्विडची गोळी लागूनही एक नर दलदलीत पळाला. दोघांनी अंधार पडेपर्यंत शोधला, सापडला नाही. आर्विड त्या रात्री जेवला नाही, आणि लिओने ते मनावर घेतलं होतं. पुढच्याच उन्हाळ्यात त्याने नव्या पोलादाची कार्बाइन घेतली, आर्विडच्याच मापाची, आणि तिच्यासाठी जहाल काडतुसं भरायला लागला. आम्हाला कौतुकाने दाखवायचा.

शिकार खुली व्हायच्या आदल्या रविवारी आम्ही वाळूच्या खाणीवर गेलो. दर वर्षी तिथे बंदुकीचा नेम तपासतात. मी ट्रकमध्ये कॉफीचा थर्मास घेऊन बसले होते. समोर वाळूच्या कड्यापाशी खांबाला निशाणाचा कागद वरून टाचला होता, तो नुसता लोंबत होता. या कामात लिओची जागा ठरलेली. आर्विडच्या डाव्या खांद्याला खांदा लावून, दुर्बीण डोळ्याला. गोळी कुठे लागली ते तो सांगायचा, वर दोन टोमणे मारायचा. दोघं बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्यासारखे दिसायचे.

त्या दिवशी लिओ ट्रकच्या मागे गेला. "वारा बोचतोय," म्हणाला. "मी इथून बघतो."

आर्विडने पहिली गोळी झाडली. तो थांबला. "जोरात वाजली रे."

"थंडीत वाजतेच. मार पुढची."

आर्विडने पुढची मारली. आवाज बंदुकीसारखा नव्हता, पत्र्यावर घण पडल्यासारखा होता. तो खाली बसला आणि उजव्या डोळ्यावर हात दाबून धरला. बोटांमधून रक्त येत होतं. कार्बाइनचं पोट फाटून वरचा भाग वाळूत पडला होता.

लिओनेच त्याला इस्पितळात नेलं. वाटभर रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होते, हेही सांगून टाकते. डोळा गेला. उजेड कळतो, बाकी काही नाही.

"म्हातारी झाली होती रे बंदूक," लिओ खाटेशेजारी बसून म्हणाला.

पट्टी बांधलेला आर्विड म्हणाला, "चूक माझी. वडिलांच्या बंदुकीला मी फार राबवलं."

आणि लिओने मान डोलावली. ती डोलावलेली मान आठवली की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

घरी आल्यावर मी आर्विडचा कोट धुवायला घेतला. काडतुसांची पेटी लिओने त्या दिवशीच उचलून नेली होती. "टाकून देतो, नको ती आठवण," म्हणाला होता. पण आर्विडला मूठभर काडतुसं खिशात टाकायची सवय. ती कोटात तशीच होती. मी त्याच्यापुढे ठेवली. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "एक उघड. मी सांगतो तसं."

त्याच्या तळघरात, त्याच्याच हत्याराने मी गोळी सोडवली आणि आतली दारू पांढऱ्या बशीत ओतली. माझ्या भावाच्या डब्यातल्या दारूच्या बारीक चपट्या पापड्या असतात. बशीत मोहरीहून लहान गोल दाणे पडले. त्याने ती तराजूत घालायला लावली, काटा पाहिला आणि डोळा मिटला.

"ही त्याच्या नव्या बंदुकीची," तो म्हणाला.

मी तिथल्या तिथे कोट चढवला. लिओच्या घरी जाऊन त्याला गावासमोर नागडं करायचं होतं मला. आर्विडने माझी बाही धरली. "शनिवारी येईल तो. सॉना तापव."

शनिवारी लिओ आला. दोघं आत बसले, पाणी टाकल्याचा फसफस आवाज येत होता, बोलण्याचा नाही. मग दोघं ओल्या केसांनी स्वयंपाकघरात आले. मी कॉफी ओतली. आर्विडने ती बशी टेबलाच्या मध्यावर ठेवली.

लिओने बशीकडे पाहिलं. कप तोंडापर्यंत नेलेला त्याने खाली ठेवला.

"तुझ्यासाठीच केलं रे," तो म्हणाला. "ते दलदलीतलं हरिण तुझ्या किती जिवाला लागलं होतं, मी बघितलं नाही का? यंदा एका गोळीत पडलं असतं. तू खूश झाला असतास."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"हो."

"थोडीच जास्त घातली होती. माझ्या बंदुकीत घालतो त्याहून कमी. मला वाटलं, सोसेल. आईशपथ, मला वाटलं सोसेल."

मी तोंड उघडलं होतं, पण आर्विडने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कॉफीचा घोट घेतला.

"डोळ्याचं सोड," तो म्हणाला. "बंदुकीचंही सोड. लोखंड होतं. तू माझ्या भल्यासाठी केलंस, तेही मी मानतो." त्याने कप खाली ठेवला. "मला एवढंच सांग. त्या दिवशी तू ट्रकच्या मागे का उभा राहिलास?"

लिओचा चेहरा उतरला. "वारा होता ना. सांगितलं होतं मी."

"कागद हलत नव्हता, लिओ."

मलाही तेव्हाच सगळं दिसलं, तो खांबावर लोंबणारा कागद, थंड पडलेला थर्मास, आणि ट्रकच्या पत्र्याआडून आलेलं ते 'मार पुढची'. ज्याच्या पाठीवर मी हात फिरवला त्याला बंदूक फुटू शकते हे मनातून माहीत होतं.

लिओ उठला. खुंटीवरचा ओला टॉवेल घेतला, बाहेर गेला. दार उघडंच राहिलं आणि गार हवा टेबलापर्यंत आली.

"दार लाव, एल्मा," आर्विड म्हणाला. "ऊब जातेय."