दुसरी चौकट रिकामी राहिली

मंडळातील सर्व बंधुभगिनींस नमस्कार. आपल्यापैकी अनेकांस मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, म्हणून देवनागरी वाचणाऱ्यांनी हे घरातील इतरांस वाचून दाखवावे.

आज सकाळी सुट्टीस घरी आलेली माझी कन्या सुधा आमच्या पितळी दिव्यांच्या दुकानासाठी सॉफ्टवेअर आखण्यास बसली. बेंगळुरूस तिची नोकरी याच कामाची आहे. मी म्हणालो, "प्रथम बिल छापण्याचे बघ."

"नाही अप्पा. आधी वरून पाहायचं, मग एकेक पायरी खाली उतरायचं. दुकान कशासाठी चालवायचं, ते सांगा."

"दिवे विकण्यासाठी."

"ते काम झालं. हेतू सांगा."

आतून सौभाग्यवती हसली. "चौथी शिकलेल्या माणसाची परीक्षा घेतेस काय गं?"

मी ताठ बसून सांगितले, "माझ्यानंतरही हे दुकान उघडे राहावे, यासाठी."

सुधाने ते वाक्य पडद्यावर सर्वांत वरच्या चौकटीत लिहिले. त्याखाली दुसरी चौकट काढून तिने विचारले, "तुमच्यानंतर निर्णय कोण घेणार?"

मी जवळचा एक दिवा पुसायला घेतला. तिने ती चौकट तशीच रिकामी ठेवली. खरेदी, साठा, विक्री अशा खालच्या चौकटी भरून ती दुपारच्या गाडीने परतली.

त्या रिकाम्या चौकटीत तिचेच नाव असावे, अशी माझी इच्छा आहे. परंतु चांगली नोकरी सोडून ये, असे मुलीस कोणत्या तोंडाने सांगावे? आपल्यापैकी कोणी सांगितले आहे काय?