कूलरची गळती

मार्च लागल्यापासून मागच्या खिडकीतल्या कूलरने डोकं उठवलं होतं. हवा दमट यायची आणि टाकी दुपार सरायच्या आतच रिकामी व्हायची. मिस्त्री म्हणाला, "टाकीची भेग बुजवा, आणि कूलर चालू असताना समोरचं दार उघडं ठेवा." नंदुरबारच्या उन्हात दार उघडं? मी त्याला वेड्यात काढलं. भेग मात्र बुजवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरामागे बोलणं ऐकू आलं. शेजारच्या व्यापाऱ्याच्या आवारात मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बाया माझ्या कूलरखाली उभ्या राहून वर बघत होत्या.

"काय पाहिजे?" मी खेकसलो.

"पानी काबरं बंद व्हयनं, भाऊ?" त्यांतली वयस्कर बाई म्हणाली. तिने तळहात पुढे केले. मिरचीने ते लालभडक झाले होते. भाकरी खाण्याआधी त्या रोज माझ्या गळतीखाली हातांची आग शमवत होत्या.

"मग घरात मागायचं ना पाणी!" माझा आवाज अजून चढलेलाच.

"तुन्हं दार बंदच ऱ्हास ना, भाऊ."

मी आत गेलो, दार सताड उघडलं आणि भरलेली बादली ओट्यावर आणून ठेवली. तासाभरात खोलीही गार पडली.