नळीवर ठेवलेलं बोट

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी मी सोलापूरच्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. मैंदर्गीच्या एका किराणा दुकानदाराची तीन वर्षांची मुलगी घटसर्पानं आमच्याकडे आली. श्वास कोंडला तेव्हा डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन धातूची नळी बसवली आणि पोर वाचली. आजार गेला, पण नळी निघेना. काढायला गेलं की ती निळी पडायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, नळीसकट घरी न्या, जरा मोठी झाली की मुंबईला पाठवू.

तिच्या आईला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. आतली बारीक नळी काढायची, उकळलेल्या पाण्यात धुवायची, कापडाची वात फिरवून पुन्हा बसवायची. कफ दाटला तर रबरी फुग्यानं ओढायचा. पहिल्या दिवशी तिच्या हातून नळी खाली पडली. आठवड्यानं ती माझ्याकडे न बघता ते करू लागली. घरात ती कानडी बोलायची, माझ्याशी मराठी. मला अक्का म्हणायची. घरी जाताना तिनं एवढंच विचारलं, "अक्का, तितं तुमी नसणार की?"

म्हणून सुट्टीच्या दिवशी मी जाऊ लागले. अक्कलकोटला बस बदलून मैंदर्गीला पोचायला दुपार व्हायची. जाताना सोलापूरच्या नवी पेठेतून वातींसाठी मलमलीचं कापड घेऊन जायची.

त्या घरातली सगळ्यांत मोठी अडचण मला वॉर्डात कधी सुचली नव्हती. पोरीचा श्वास गळ्यात न चढता नळीतूनच बाहेर जायचा, त्यामुळे ती रडली तरी ऐकू येत नसे. तोंड वासलेलं, गालांवर पाणी, आणि सगळं मुकं. आई पाठ फिरवायला भ्यायची. विहिरीवर जाणं तिनं सोडून दिलं होतं. मग तिनंच पोरीच्या दोन्ही मनगटांना घुंगरं बांधली. काही हवं असलं की पोर हात झटकायची.

एका दुपारी मी आईला दाखवलं, की नळीच्या तोंडावर क्षणभर बोट ठेवलं तर हवा वर गळ्यात जाते आणि थोडा आवाज फुटतो. तिनं भीत भीत बोट टेकवलं. पोर घोगऱ्या आवाजात "अव्वा", म्हणजे कानडीत आई, म्हणाली आणि स्वतःच दचकली. आई तिथंच जमिनीवर बसली. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असं करत राहिली. मग पोरीला तो खेळच झाला. आईचं बोट धरून ती आपल्या गळ्याकडे ओढायची.

वडलांना मात्र ते बघवत नसे. माणूस मायाळू होता, पोरीसाठी दुकानातून खडीसाखर आणायचा, पण नळीकडे नजर गेली की उठून जायचा. बायको म्हणाली, एकदा तुमी बोट ठेवा, तुमाला हाक मारंल. तो म्हणाला, माझ्या हातून तिचा जीव जाईल. मुंबईहून आली की मारंल की हाक.

थंडीत पोरीला सर्दी झाली. कफ वाळून नळीत चिकटू लागला. आईनं दिवसभर नळी धुतली, वाफ दिली, फुगा लावला. श्वासाची घरघर थांबेना, तेव्हा दोघं तिला घेऊन बसमध्ये बसले. आई वाटभर तिच्या गळ्याशी झटत होती. वॉर्डात येऊन तिनं पोरीला माझ्या हातात दिलं तेव्हा पोर थंड पडायला लागली होती. डॉक्टर धावत आले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आईनं टाहो फोडला नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "मी कुटं चुकले, अक्का?"

मी म्हणाले, "कुठंच नाही. मी असते तर तेच केलं असतं."

ते खरं होतं. तिला पटलं की नाही, ते मला कळलं नाही.

पुढच्या सुट्टीला मी गेले. पोरीला त्यांनी आपल्या शेताच्या बांधाशी पुरलं होतं. वडील दुकान बंद करून ओट्यावर बसले होते. एरवी माझ्याशी फारसं न बोलणारा तो माणूस आपण होऊन बोलला. आपल्याला लई भ्या वाटायचं, असं म्हणाला. मग विचारलं, "ती मला अप्पा म्हणाली असती का हो?" मी म्हणाले, हो. त्यानं मान हलवली आणि उपरणं तोंडावर धरलं.

आईनं मला जेवू घातलं. तिच्या बोटांची कातडी उकळत्या पाण्यानं अजून सोललेलीच होती. बसपर्यंत सोडायला आली. बस येताना दिसली तेव्हा म्हणाली, "अक्का, आता येऊ नका. रागानं नाही म्हणत. तुमी दारात दिसलात की माझे हात पाणी ठेवायला चुलीकडं जातेत."

मी गेले नाही. दुसरी मुलं आली, त्यांच्या घरी मी पुष्कळ वर्षं जात राहिले. मैंदर्गीची बस मात्र पुन्हा धरली नाही.