सांडोरच्या बावखलातली टर्बो

गाडीचं तोंड बावखलात होतं, मागची चाकं आडव्या झालेल्या केळींवर टेकली होती आणि काठावर जमलेलं अर्धं सांडोर एकच वाक्य बोलत होतं, "सिस्टरने घातली."

सिस्टर म्हणजे फिलोमिना. पापडीच्या एका इस्पितळात नर्स आणि माझी विद्यार्थिनी. मी तेव्हा वसईतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होतो. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. रविवारची चर्चमधली मिस्सा सुटल्यावर अपघात झाला आणि शाळेचे मालक, ज्यांना आम्ही शेठ म्हणायचो, मला घरून उचलून स्कूटरवर घालून घेऊन आले. वाटेत त्यांचं एकच पालुपद. "तिथे कोणाची बाजू घेऊ नकोस. आपल्या शाळेचं नाव जाईल."

बावखल म्हणजे वाडीला पाणी शिंपायला खणलेलं तळं. शेजाऱ्याची गडग्याची भिंत फोडून, चार केळी आडव्या करून गाडी त्या तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. पायऱ्यांवर एक म्हातारी धुणं धूत होती. आवाज ऐकून, वळूनही न बघता तिने उडी मारली म्हणून वाचली. तिचं धुणं गाडीखाली अडकलं होतं. ते बघून माझं डोकं फिरलं.

सिस्टर शेजारच्याच आपल्या घराच्या ओटीवर उभी होती. मी सरळ तिच्यावर तुटून पडलो.

"लर्निंग लायसन्स आहे तुमचं. बाजूला शिकवणारा नसताना स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे मी बजावलं होतं की नाही?"

"बजावलं होतं, मास्तर."

"मग?"

तिने फक्त मागे वळून बघितलं. तिच्यामागे सासू दाराची चौकट धरून उभी होती. शेजारी फौजदाराला बोलवायच्या गोष्टी करत होता. शुक्रवारी सिस्टरची टेस्ट होती. पोलिसात नोंद झाली की टेस्ट गेली, आणि टेस्ट गेली की तिची नोकरीही जाणार होती. तिची ड्युटी पहाटे लागायची आणि सांडोरहून निघणारी पहिली एसटी तिला उशिराच पोचवायची. मेट्रनने दोनदा मेमो दिला होता. तिसऱ्यांदा उशीर झाला तर घरी बसा, असं तोंडावर सांगितलं होतं.

म्हणूनच ही गाडी आली होती. तिचा नवरा बस्त्याव जहाजावर नोकरीला. त्याने कस्टमचे सगळे सोपस्कार पार पाडून जपानहून ही गाडी बायकोसाठी आणली आणि पुन्हा जहाजावर गेला. तिकडे म्हणे नुकता नोकरीला लागलेला माणूस पहिली गाडी घेतो ती ही. एवढीशी. मागचं दार वर उघडणारी. आत चार माणसं आणि एक भाजीची टोपली बसली की संपलं. पण बॉनेटवर 'टर्बो' लिहिलेलं, आणि ते खरं होतं.

टर्बो म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. इंजिनातून धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त जळतं, आणि लहानशा इंजिनात मोठ्या गाडीचं बळ येतं. गोम अशी की पंख्याने वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता, गाडी ढिम्म. मग तुमचा पाय तिथेच असताना एकदम मागून कोणी ढकलावं तशी ती सुटते. त्या मधल्या वेळाला लॅग म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांवर हात बसलेला माणूस त्या वेळात हमखास चूक करतो. ओढत नाही म्हणून आणखी दाबतो.

सिस्टर ती चूक करत नव्हती. तिने दुसरी गाडी कधी चालवलीच नव्हती, त्यामुळे विसरायचं असं काही नव्हतं. हलका पाय, थांबायचं, जोर आला की पाय थोडा उचलायचा. इंजेक्शन देणाऱ्या बाईला हे समजावायला मला फार बोलावं लागलं नाही. तिची अडचण वेगळीच होती. गाडी आल्या दिवसापासून किल्ली थोरल्या दिराच्या, इनासच्या खिशात. प्रत्येक लेसनला तिने त्याच्याकडे किल्ली मागायची, त्याने "कशाला उगाच" म्हणायचं आणि मग द्यायची. मी हे गेटबाहेर उभा राहून बघायचो आणि दातओठ खायचो.

तर, गाडी बाहेर काढायची होती. इनासने आपला टेंपो लावला. तो त्याच टेंपोतून वाडीतली भाजी बाजारात नेत असे. अर्नाळ्याच्या कोणाकडून जाडा दोर आला. स्टिअरिंग सरळ धरायला आत कोणीतरी बसायला हवं होतं, म्हणून मी चिखलात उतरून आत बसलो.

आरामात बसलो.

तिथेच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी चांगला उंच माणूस. सिस्टर माझ्या खांद्यालाही लागत नाही. तिला क्लचपर्यंत पाय पोचवायला सीट पार पुढे घ्यावी लागायची, वर पाठीशी उशी. तिच्या लेसननंतर मी त्या सीटवर बसलो की गुडघा स्टिअरिंगवर आपटायचा आणि तोंडातून शिवी जायची. आज गुडघा कुठेच आपटला नाही. उशी मागच्या सीटवर कोरडी पडली होती. आणि ती सीट अशी तशी सरकत नसे. खाऱ्या हवेने तिचा रूळ गंजला होता, लिव्हर ओढून, पाय रोवून रेटावी लागायची.

मी काचेतून बाहेर बघितलं. इनास दोर बांधत होता. उंचीला माझ्याएवढाच.

गाडी वर आली. मी उतरलो आणि शांतपणे विचारायचं ठरवलं. ते काही जमलं नाही.

"इनास, गाडी कोण चालवत होतं?"

"काय मास्तर, सगळा गाव सांगतोय ना. तीच."

"मग सीट मागे कशी?"

"धक्क्याने सरकली असेल."

"पुढून धक्का बसला की सीट पुढे जाते रे. मागे जायला ती काय तुझ्या टेंपोतली टोपली आहे?"

शेठनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. "डोकं ठिकाणावर आहे का? टेंपोवाल्यांची पोरं आपल्याकडे लायसन्सला कोण पाठवतं? तो. टर्बो गाडी बाईला झेपली नाही, एवढं बोल आणि चल."

"तिला झेपते. मी शिकवलंय."

"तू पगार कोणाचा घेतोस?"

मी दंड सोडवून घेतला आणि ओटीकडे बघून ओरडलो, "सिस्टर, इकडे या. बसा गाडीत."

ती आली. बसली. तिच्या चपलेचं टोक क्लचच्या अलीकडेच हवेत राहिलं. सगळ्यांनी बघितलं. शेजारी बघत होता, म्हातारी बघत होती. कोणी हसलं नाही.

तेव्हा सासू ओटीवरून बोलली. "मास्तर, घरातलं घरात र्‍हाऊ द्या. मीच सांगितलं तिला गप र्‍हा म्हणून. इनासचं लायसन गेलं तर टेंपो बंद पडंल. पोरं काय खातील? तिच्याकडं लायसन नायच. तिचं काय जानार?"

तिचं काय जाणार! इतकी वर्षं झाली, तरी हे वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती बाई वाईट नव्हती. सुनेच्या बाळंतपणात रात्रंदिवस राबलेली. पण सुनेचंही काही जाऊ शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि हा घोडा इनास, टेंपोला दाबायची सवय असलेला पाय त्या गाडीवर दाबून, दोस्तांना गाडीची मिजास दाखवायला गेला, म्हातारीच्या अंगावर गाडी घालणार होता आणि नंतर भावजयीच्या मागे लपला. मी त्याला हे याच शब्दांत सुनावलं. याहून वाईट शब्दही वापरले, ते इथे लिहीत नाही.

मला वाटलं, सिस्टर आता रडेल. ती गाडीतून उतरली आणि आधी माझ्यावरच भडकली.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझी वकिली करायला? मी खोटं बोलले नव्हते. गप्प होते."

"गप्प राहून नोकरी गेली असती तुमची."

"ठाऊक आहे मला. सकाळपासून तेच चाललंय डोक्यात." मग ती दिराकडे वळली. तिचा आवाज वॉर्डात पेशंटला दटावताना असेल तसा होता. "दादा, शेजाऱ्यांना जे खरं ते तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा. भिंत तुम्ही बांधून द्या. आजीच्या पाया पडा. ते लोक तक्रार करणार नसतील तर मीही काही बोलणार नाही. आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत मला रोज टेंपोतून इस्पितळात सोडायचं. बाजाराच्या आधी."

"बाजाराच्या आधी? अगं, भाजी..."

"भाजी थांबेल. किल्ली द्या."

त्याने आईकडे बघितलं. आई पदराने तोंड पुसत होती. त्याने किल्ली काढली, पण हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली. सिस्टरने ती उचलली.

शेजारी भला माणूस होता. खरं कानावर आल्यावर फौजदाराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. इनासने स्वतः गवंड्याच्या हाताखाली दगड उचलले. आणि रोज पहाटे भाजीच्या टोपल्यांपुढे पांढऱ्या साडीतल्या सिस्टरला घेऊन जाणारा तो टेंपो पापडीच्या रस्त्याला दिसू लागला. तिसरा मेमो आला नाही.

टेस्टसाठी गाडी देणार नाही, असं शेठनी सांगितलं. मी एका ओळखीच्याची जुनी गाडी मागून आणली, तिच्यावर सिस्टरचा हात बसवून घेतला आणि सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेलो. ती पहिल्या फटक्यात पास झाली. शेठनी मला लगेच काढलं नाही. दुसरा शिकवणारा मिळेपर्यंत ठेवलं आणि मिळाल्यावर काढलं. पुढे मी माझी स्वतःची शाळा काढली, तो राग भांडवल म्हणून पुरला.

टर्बो रेडिएटर बदलून परत आली. सिस्टर ती बरीच वर्षं चालवत होती. नंदाखालपर्यंत कोणाचं बाळंतपण अडलं तरी जायची.

एकदा इनास माझ्या शाळेत आला. खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "मास्तर, ती टर्बो मला पण शिकवा. फी सांगाल ती."

माझा राग तोवर बराच निवळला होता. मी म्हटलं, "फी नको. शिकवतो. गाडी सिस्टरची आहे. आधी तिला विचारून ये."

तो उठला. "बघतो," म्हणाला.

एकाच घरात, एकाच अंगणात राहत होते ते. विचारायला ओटी ओलांडायची तेवढीच. तो पुन्हा आला नाही. पुढे मी कुठे समोर दिसलो की रस्ता बदलायचा. टर्बो चालवायला मी कोणालाही थोड्या दिवसांत शिकवलं असतं. बाईकडे तिच्याच गाडीची किल्ली मागायला पुरुषाला कसं शिकवायचं, ते मला निवृत्त होईपर्यंत जमलं नाही.