कांडीची दुपारची झोप

नारपोलीतल्या कारखान्यातले कापड विणायचे आठही लूम विकले, तेव्हा नूर मोहम्मद यांनी तिथून दोनच चिजा घरी आणल्या. एक भिंतीवरचं घड्याळ आणि दुसरी कांडी. घड्याळ निमूट आलं. कांडीला मात्र गोणपाटात गुंडाळून, हातावर ओरखडे घेत आणावं लागलं.

कांडी ही त्यांची मांजर. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत गुंडाळलेल्या कांड्यांच्या खोक्यात ती पिल्लू असताना सापडली, म्हणून हे नाव. ताण्याच्या उभ्या सुताला पिठाची खळ लावतात. त्या खळीच्या वासाने उंदीर येत आणि सुताबरोबर कापडाचे तागेही कुरतडत. कांडी मोठी झाली आणि उंदीर कारखान्याचा रस्ता विसरले. दुपारची नमाज झाली की नूर मोहम्मद कोपऱ्यातल्या बाजेवर आडवे होत आणि कांडी त्यांच्या पोटावर. लूमच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, पण ही दोघं खुशाल घोरत असत.

घरात मात्र शांतता होती. कांडी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घाली आणि दार किलकिलं दिसलं की पसार होऊन कारखाना गाठी. नूर मोहम्मदांनाही डोळा लागत नसे. दोन गल्ल्या ओलांडून ते तिला आणायला जात.

लूम घेणारा धनेश हसे. "चाचा, लूम घेताना मांजर वगळून, असं कुठं ठरलं होतं? मी तर तिची हजेरी लावतोय."

"लूम तुझे. मांजर माझी."

"मग ड्युटी माझ्याकडं का करते?"

नूर मोहम्मद कांडीला काखेत मारून घरी निघाले. ते बोलणं त्यांना लागलं.

मुलगा यहया मानकोलीच्या गोदामात नोकरीला. त्याने जेवताना मोबाइलमध्ये पाहून भर घातली. "अब्बा, इथं लिहिलंय, कुत्रा शिकाऱ्यांच्या मागोमाग माणसात आला. मांजर हजारो वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारात आली, ती उंदरांमागे. तिला कुणी बोलावलं नव्हतं."

"म्हणजे इतकी वर्षं मी दूध पाजलं आणि ती नातं उंदरांशी सांगणार?"

"अवो, मांजर हाय ती," त्यांची बायको खदीजाबी भाकरी वाढत म्हणाल्या. "दार लावून माया जडत न्हाय."

 दुसऱ्या दिवशी नूर मोहम्मदांनी दार उघडंच ठेवलं. जायचं तर जा, असं तोंडाने म्हणाले आणि खुर्चीत दाराकडे पाठ करून बसले.

कांडी उंबऱ्यापर्यंत गेली. त्याच वेळी मोरीजवळ खदीजाबींचं कपडे धुण्याचं मशीन कपडे पिळायला लागलं. त्याचा एक पाय आखूड होता. पिळायला लागलं की ते लाद्यांवर नाचे आणि खडखड, खडखड घर दणाणून सोडी. कांडीने कान टवकारले. ती मागे वळली, मशीनवर चढली, दोनदा गोल फिरली आणि शेपटीत नाक खुपसून झोपली.

तेवढ्यात दारात मशीन दुरुस्त करणारा उभा राहिला. "भाभी, वो पाय का काम था ना?"

खदीजाबी बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. मशीनवर कांडी घोरत होती. खुर्चीत नूर मोहम्मद घोरत होते.

"पाय ठीक करूं?"

नूर मोहम्मदांनी डोळे न उघडताच हात हलवला. "रहने दो भाई. बिलकुल ठीक है."

"अवो, कपडे धुऊन झाले! आता बंद पडंल ते."

"मग चादरी काढ की."

"कालच धुतल्या!"

"पडदे?"

खदीजाबींनी कपाळावर हात मारला, पण पडदे काढले.

आता कांडी सकाळी धनेशकडे ड्युटीला जाते आणि दुपारच्या नमाजच्या सुमारास आपल्या पायांनी परत येते. नारपोलीत एवढे स्वच्छ पडदे दुसऱ्या कुणाच्या घरात नाहीत.