वडशाची एक लोंब

लोक जुनी नाणी जमवतात. कुणाकडे राणीचा रुपया असतो, कुणाकडे भोकाचा पैसा. आमच्या घरी मात्र कधीच न चाललेली नाणी जमत होती. एखाद्या हौशी माणसाला वाटतं, आपल्या मुलखाचं वेगळं नाणं असावं. तो पदरमोड करून नमुना पाडून घेतो, सरकारला दाखवतो आणि सरकार नको म्हणतं. असे नाकारलेले नमुने माझ्या नवऱ्याला हवे असत.

हे ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. कुठकुठल्या छंदिष्टांशी टपालाने अदलाबदल करत. त्यातलं सगळ्यात लाडकं नाणं एका लांबच्या बेटाचं होतं, तांब्याचं, त्यावर मासा. बेटावरच्या लोकांनी हौसेने पाडलं, पण वरच्या सरकारने चालू दिलं नाही. ह्यांनी ते सासूबाईंना दाखवलं. त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं.

"चालत नाई?"

"नाई."

"आंधी चालत होतं?"

"कधीच नाई."

"मंग तुले फसवलं कोनं?" सासूबाईंनी विचारलं.

एका हिवाळ्यात वर्कशॉपमधल्या सोबत्याने खबर आणली, की वडशाच्या एका धानगिरणीच्या म्हाताऱ्या मालकाने स्वतःची नाणी पाडली आहेत. ह्यांना दोन दिवस जेवण गोड लागेना. मी म्हटलं, मीही येते, पण मला नाटक दाखवायचं. वडशाला त्या दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो. हे लगेच कबूल झाले. अदलाबदलीसाठी म्हणून माशाचं नाणं त्यांनी खिशात घेतलं आणि आम्ही चांदा फोर्ट स्टेशनवरून छोट्या रेल्वेगाडीत बसलो.

गिरणीवाले भाऊ पोत्यावर बसले होते. भुवयांवर कोंडा, अंगात बंडी. नाण्यांचं नाव काढताच त्यांनी खुशीने डबा उघडला. पितळेची नाणी. एका बाजूला धानाची लोंब, दुसऱ्या बाजूला वाघ. वाघ जरा मांजरीवर गेला होता. खाली "एक लोंब" अशी अक्षरं आणि त्याहून मोठ्या अक्षरात "नमुना".

"बाजारात चिल्लर भेटत नाई. दुकानदार हातावर गोळ्या ठेवते," भाऊ समजावून सांगू लागले. "धानाच्या मुलखाले धानाचंच नाणं पाह्यजे. एक लोंब म्हंजे एक पायली धान. भाव चढो का उतरो!"

ह्यांचे डोळे भरून आले. "भाऊ, एकच द्या. असं कधीच न चालनारं नाणं आपल्या मुलखातलं माह्याजवळ एकबी नाई."

भाऊंचा हात थांबला. "न चालनारं?"

"म्हंजे..."

"चालनार हाय हे! दिल्लीले नमुने पाठवले हायेत. उत्तर येनं बाकी हाय."

इथे नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. मी मागून चिमटाही काढला. पण छंदाच्या बाबतीत हे फार सच्चे. म्हणाले, "चालनार असन त मंग मले कामाचं नाई."

भाऊंनी डब्याचं झाकण लावलं.

आत त्यांच्या बायकोने मला चहा दिला. बाई मोठ्या हसऱ्या. "माह्या घरी ढीगभर होते ओ. धानाच्या कोठीचा एक पाय डुगडुगते, तिच्या खाली घालून ठेवले होते. बुढ्यानं पाह्यलं अन् दोन दिस बोलला नाई. आता मी देलं त घरातून हाकलन मले."

संध्याकाळी नाटकाला बसलो तेव्हा हे इतके उदास होते, की विनोदी प्रवेशातही उसासे टाकत होते. मग राजाचा प्रवेश आला. राजा प्रजेला मोहरा वाटतो. नाटकमंडळींची खोटी नाणी आधीच्या मुक्कामी राहिली होती, म्हणून त्यांनी ती गिरणीवाल्या भाऊंकडून मागून आणली होती. राजाने मूठ भरली आणि सरळ आम्हा प्रेक्षकांवर उधळली. पुरुषांच्या बाजूला झुंबड उडाली. त्यात माकडटोपी घातलेला एक माणूस चार पायांवर खुर्च्यांखाली शिरताना मला दिसला. तो माझा नवरा होता. त्याला काही मिळालं नाही. इकडे बायकांत मी शेंगा सोलत बसले होते, तर माझ्या ओटीत टपकन एक लोंब पडली.

मध्यंतरात मी ती ह्यांना नेऊन दिली, आणि तेवढ्यात भाऊ स्वतः रंगमंचावर चढले. "ज्याले लोंब भेटली त्यानं सकाळी गिरनीवर यावं. एक पायली धान भेटन!" टाळ्या पडल्या. हे टोपी कानांवर ओढून, माझी लोंब मुठीत धरून बसले होते. त्यांना यातलं काहीएक ऐकू गेलं नाही.

सकाळी टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या माणसाने चहा संपवला, कमरेची लोंब काढून टपरीवाल्यासमोर ठेवली, आणि टपरीवाल्याने ती गल्ल्यात टाकून वर मोडही दिली.

ह्यांच्या हातातली बशी कलली. "गेलं," हे म्हणाले.

"काय गेलं?"

"चाललं नं हे! चलनात आलं. आता हे साधं नाणं झालं. मंग चहाचे पैसे याच्यातच देऊन टाकतो." मी त्यांची मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली.

गिरणीसमोर रांग लागली होती. भाऊ धुतलेलं धोतर नेसून स्वतःच्या हाताने धान मोजून देत होते, प्रत्येक लोंब कपाळाला लावून डब्यात टाकत होते. आम्हाला पाहून ओरडले, "काऊन? चाललं का नाई?"

एवढ्यात त्यांचा मुलगा फटफटीवरून उतरला. गिरणी आता तोच पाहत असे. "बाबा, का करून राह्यले?"

"चलन."

मुलगा भला होता. ज्यांना धान मिळालं होतं त्यांच्याकडून काही परत घेतलं नाही. बाकीच्यांना हात जोडून म्हणाला, "नाटकातले पैसे नाटकातच राहू द्या जी." लोक हसले, पांगले. लोंब घेऊन रांगेत आलेला टपरीवाला तेवढा शिव्या देत गेला. भाऊ मोजायची पायली उलटी ठेवून तिच्यावर बसले.

मला वाटलं, आता हे नाचतील. नाणं पुन्हा न चालणारं झालं होतं. पण हे नाचले नाहीत. भाऊंजवळ उकिडवे बसले आणि खिशातून माशाचं नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"हे कोनाचं?"

"लय दूर एक बेट हाय. तिथच्या लोकाईनं पाडलं होतं. त्याईलेबी नाई म्हनलं."

भाऊंनी ते उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं. "मासा बेस काढला. माह्या वाघापेक्षा बरा हाय." मग ते नाणं त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात घातलं आणि डबा पुढे सरकवला. "घे, पाह्यजे तेवढे घे."

"एक हाय माह्याजवळ. तेवढंच पुरे," हे म्हणाले. बाईंनी मात्र आमच्या पिशवीत नवे तांदूळ बळेच ओतले.

परतीच्या गाडीत हे खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं, मासा गेल्याचं दुःख. पण थोड्या वेळाने समोरच्या अनोळखी गृहस्थाला त्यांनी विचारलं, "भाऊ, एखादं नाणं अर्धी सकाळ चाललं, त चाललं म्हनाचं का नाई?"

गृहस्थ म्हणाले, चाललंच. त्यांची बायको म्हणाली, सरकारचा शिक्का नाही तर कसलं चाललं? शेजारचा गुरांचा दलाल मध्ये पडला. तिकीट तपासनीस आला आणि तिकिटं विसरून आमच्यातच टेकला. नागभीडपर्यंत डब्यात दोन तट पडले होते. लोंब या हातातून त्या हातात फिरत होती, आणि ती कुणाच्या हातात आहे याच्यावर मला मूल स्टेशन येईपर्यंत डोळा ठेवावा लागला.